नऊ मीटर बारा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज टेप हातात घेतली नाही. बारा विहिरी, आणि एकाही विहिरीवर गेलो नाही. सकाळी सवयीनं खडूचा तुकडा खिशात टाकला, मग आठवलं, परत फडताळात ठेवला.

विहिरीतलं पाणी मोजणारी यंत्रं आली. गावातल्या निम्म्या विहिरींत बसलीसुद्धा. ऑफिसात शुक्रवारी चहा झाला, मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. यंत्र बसवणारा म्हणाला, "आजोबा, आता मस्त झोपा काढा. यंत्राला रजा लागत नाही, ताप येत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

ताप येत नाही! त्याला काय माहीत तो काय बोलला.

सात नंबरला परवा बसवणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घास उतरत नाही. सून म्हणते, "बाबा, काम सुटलं की माणसाचं असंच होतं. माझ्या वडिलांनी तर दोन महिने घरातले नळ मोजले होते." बिचारी हसवायला बघते. मी हं म्हटलं.

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार? आणि सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर कोण लावणार?

सात नंबरच्या विहिरीचं माप मी बारा वर्षांत एकदाही घेतलेलं नाही.

रजिस्टरमध्ये दर सोमवारी आकडा आहे. एक सोमवार चुकला नाही. पण तो आकडा मी घरी बसून लिहिलेला आहे. शाळेजवळच्या सहा नंबरला खरंच टेप सोडायचो, जो आकडा येईल त्यात चाळीस सेंटिमीटर मिळवायचे. कधी अडतीस, कधी त्रेचाळीस — अगदी सरळ दिसू नये म्हणून. दाजी माझ्याबरोबर मोजायला होते तेव्हा दोन्ही विहिरींत तेवढाच फरक असायचा. म्हटलं, दगड तोच, पाणी तेच, कुठं जाणार आहे?

शेवटचा आकडा मागच्या सोमवारचा. जमिनीपासून पाणी नऊ मीटर बारा सेंटिमीटर खाली.

आता यंत्र उतरेल आणि खरं काय ते सांगेल. माझी बारा वर्षं एका दिवसात उघडी पडतील.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सात नंबरच्या झाकणाची किल्ली न्यायला यंत्रवाला घरी आला. "चला ना आजोबा, तुमची विहीर आहे." गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

तासाभरात किल्ली परत घेऊन आला. "कुलूप गंजून दगड झालंय. झाकणाला मुठीएवढं भोक आहे, त्यातूनच सोडली वायर. झालं काम."

"आत बघितलंत?" मी विचारलं.

"आत काय बघायचंय? अंधार आहे."

सुनेनं माझ्या फोनमध्ये यंत्रांचे आकडे दाखवणारा नकाशा टाकून दिला. बारा विहिरींचे बारा निळे ठिपके. "घ्या बाबा, आता विहिरी तुमच्या खिशात." सात नंबरच्या ठिपक्याखाली अजून आकडा नाही.

खिसा जड लागतोय. वेडेपणा! पण लागतोय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आकडा आला.

९.१२

चष्मा पुसून पाहिला. सुनेला वाचायला सांगितलं. "नऊ पूर्णांक बारा. का हो, बरोबर नाही का?"

बरोबर आहे. तेच तर!

मी घरात बसून मनानं लिहिलेला आकडा. सेंटिमीटरलासुद्धा फरक नाही. हे कसं होईल? दहा-वीसचा फरक निघाला असता तर मी देव भेटल्यासारखा आनंदलो असतो. पण एकाही सेंटिमीटरचा नाही?

कोणीतरी माझं लिहिलेलं वाचून खालून होकार दिल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

९.१२. दिवसभर तेच. वीस वेळा पाहिलं असेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आक्काकडे गेलो. माझी थोरली बहीण, शहात्तर वर्षांची. खालच्या गल्लीत राहते, रस्त्यापासून पाच पायऱ्या खाली उतरून एक खोली. सात नंबरची विहीर तिच्या दारापासून तीस पावलांवर. मी नेहमी मागच्या बाजूनं वळसा घालून जातो. तिला वाटत असणार मी सोमवारी सकाळीच विहिरीवरून जाऊन येतो. ती कधी विचारत नाही, मी कधी सांगत नाही.

"ये सशा," म्हणाली. लहानपणापासून मला ससा म्हणते. हौदात उतरायलाही घाबरायचो म्हणून. एकोणसत्तर वर्षांचा ससा!

चहा ठेवला आणि पाठमोरीच बोलली — "हे येतात आताशा."

"कोण?"

"हेच. आणखी कोण येणार?"

दाजी. तिचे यजमान. माझे कामातले जोडीदार. बारा वर्षांपूर्वी सात नंबरमध्ये गेले. काठाचा दगड निखळला. वर काढले तेव्हा टेप मनगटाला गुंडाळलेली होती.

तिनं खाटेजवळची चटई बाजूला केली. फरशीवर दोन ओले डाग. शेजारी शेजारी, पावलाएवढे, टाचेकडे निमुळते. दाजी सकाळी उठून पाय खाली सोडायचे, बरोबर तिथं. "रोज पुसते. सकाळी उठले की परत असतात. ओल्या पायांनी येतात आणि बसून जातात."

मी हात लावून पाहिला. गार पाणी. बोटाला लागलं.

चहा तसाच टाकून आलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

गल्लीतल्या शिंप्याची गाठ पडली. म्हणाला, सगळ्यांच्याच भिंती कमरेपर्यंत ओल्या आहेत. कापडाचे तागे कुजले त्याचे. दरवाजे चौकटीत बसत नाहीत. सगळ्यांनी मिळून अर्ज केला होता, ऑफिसकडून उत्तर आलं — पाणी नऊ मीटर खाली आहे, जमिनीतून ओल येणं शक्य नाही, आपापल्या नळाच्या पाइपा तपासून घ्याव्यात.

"तुम्हीच मोजता ना ते?" त्यानं विचारलं. "मग बरोबरच असणार. आमच्याच पाइपा सडल्या असतील."

मान हलवली आणि सुटलो तिथून.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज एक खेळ केला. करायला नको होता.

फोन न बघता कागदावर आकडा लिहिला, नेहमीसारखा मनानं. ९.१०. मग फोन पाहिला.

९.१०.

दाजीच आहेत. दुसरं कोण असणार? आत बसून माझं खोटं सांभाळतायत. जिवंत असतानाही सांभाळायचेच. आकड्यांची बेरीज माझी चुकायची, गुपचूप खोडून बरोबर लिहायचे. साहेबांसमोर म्हणायचे, "मेव्हण्याचं गणित पक्कं आहे, फक्त घाई करतो."

त्या दिवशीही त्यांनी सांभाळलंच. सोमवार होता, सात नंबरची पाळी माझी होती. काठ हलतोय हे मला माहीत होतं, आदल्या आठवड्यात पाय ठेवला तेव्हा दगड बोलला होता. मी ताप आला म्हणून सांगितलं. ताप नव्हता. दाजींनी माझ्या कपाळाला हात लावला, हसले आणि टेप उचलली. म्हणाले, "झोप. मी जाऊन येतो."

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. आक्काला तर नाहीच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

९.१०. सुनेनं फोन काढून घेतला आणि फळीवर ठेवला. "बाबा, पाणी पळून जात नाही!"

शनिवार, १५ फेब्रुवारी

आक्काकडे जायला निघालो. कोपऱ्यावरून परत आलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

इंजिनीअर बाईंनी ऑफिसात बोलावलं, जुनी रजिस्टरं ताब्यात द्यायची होती. बाई तिशीच्या असतील, मला काका म्हणतात, खुर्ची देतात. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर बारा रेघा.

"काका, तुमचा सात नंबर सगळ्यात भरवशाचा. बारा वर्षांत एकही वेडावाकडा आकडा नाही. बाकी विहिरींत चढउतार, याची रेघ बघा कशी शहाण्या मुलासारखी."

शहाणं मूल!

न राहवून विचारलं, "बाई, यंत्राला कळतं कसं पाणी किती खाली आहे ते?"

त्यांना बरं वाटलं कोणीतरी विचारलं म्हणून. टेबलावर एक यंत्र होतं, बोटभर लांबीची स्टीलची नळी. "याला तसं काही कळत नाही काका. हे पाण्यात बुडून राहतं. आपल्या डोक्यावर पाण्याचं वजन किती आहे, एवढंच याला कळतं. वजन वाढलं की पाणी चढलं, कमी झालं की उतरलं. पण जमिनीपासून पाणी किती खाली, हे सुरुवातीला एकदा माणसानं सांगावं लागतं. तिथून पुढं ते आपलं आपण मोजतं."

"सात नंबरला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की! त्या दिवशी कुलूप निघालं नाही, म्हणून टेप टाकायचं राहूनच गेलं. मग मुलांनी तुमच्या रजिस्टरमधला शेवटचा आकडा टाकून दिला. नऊ पूर्णांक बारा. म्हटलं, काकांचं माप आहे, डोळे मिटून घ्या."

मी खुर्चीचा हात धरला.

दाजी नाहीत आत. कोणीच नाही. मीच आहे. माझंच खोटं त्या नळीत जाऊन बसलंय आणि निळ्या ठिपक्यातून माझ्याकडे बघतंय.

बाई पुढं म्हणाल्या, "एक गंमत आहे, पाणी दर आठवड्याला थोडं थोडं चढतंय. रंगाचा कारखाना बंद पडल्यापासून त्या बाजूचा उपसाच थांबला ना. पण नऊ मीटर खाली आहे, चढेना का!"

घरी कसा आलो आठवत नाही. आठवड्याला दोन सेंटिमीटर चढतंय, म्हणजे त्या सोमवारचं ९.१० जुळलं तो नुसता योगायोग.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चार वर्षं झाली कारखाना बंद पडून. रात्रंदिवस पंप चालायचे त्यांचे. चार वर्षं उपसा नाही. सहा नंबर टेकडीवर, कातळात, तिथं काही फरक पडत नाही. आणि मी सहा नंबरमध्ये चाळीस मिळवत बसलो!

मग खाली गल्लीत पाणी कुठं आहे आज? नऊ मीटर नाही. सात? चार?

त्या फरशीवरची पावलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज सांगायचं म्हणून ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. पहारेकरी म्हणाला, "काय काका, करमत नाही वाटतं घरी?" हो म्हटलं आणि परत फिरलो.

भित्रा तो भित्राच. आक्का बरोबर म्हणते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आक्काच्या खोलीचा दरवाजा आता लागत नाही. ओढला तर चौकटच हलते. भिंतीला हात लावला, गिलावा ओल्या साबणासारखा हातात आला. डाग दोनाचे चार झाले आहेत. ती म्हणते, "आता फिरतात हे खोलीत."

"आक्का, माझ्याकडे राहायला चल."

"आणि हे आले तर कोणाला शोधतील?"

तिची चटई उचलून कोरड्या कोपऱ्यात टाकली.

वर तिच्या डोक्यावर दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर शिंप्याची लेक बाळंतपणाला आली आहे. जिन्यात तिचं हसणं ऐकू आलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गेलो.

खडू घेतला, टेप घेतली, वजनाचा शिसाचा गोळा घेतला. पहिल्यांदाच पुढच्या वाटेनं. शेवटची दहा पावलं भिंत धरून गेलो. झाकणावर बसलो. उभं राहून माप घेतलं नाही. काठ नवीन बांधला आहे, तरी बसलो.

टेपला दहा मीटरपर्यंत खडू घासला, जसा घासायचा असतो — जेवढी टेप बुडते तेवढा खडू धुतला जातो. भोकातून गोळा सोडला. हाताला सवय आहे — गोळा खाली जाताना टेप सळसळते, बराच वेळ, मग लांब कुठंतरी आवाज होतो.

सळसळली नाही. लगेच डुबुक! अगदी माझ्या बुडाखाली. कोणीतरी शेजारी बसून दगड टाकावा तसा.

टेप वर घेतली. खडू सगळा धुऊन गेलेला. पुन्हा कोरडी केली, पुन्हा खडू, यावेळी दोनच मीटर सोडली. दोन मीटरच्या लाल खुणेवर नख धरलं. वर काढून ओली रेघ वाचली. तीनदा वाचली, दोन मीटरमधून ओली लांबी वजा केली.

एक मीटर चाळीस.

भोकाला डोळा लावला. एवढ्या वर्षांत आत बघितलं नव्हतं. पाणी इतकं वर होतं की भोकातून आलेला उजेड त्यावर पडला होता, नाण्याएवढा, आणि त्यात काहीतरी हललं. माझाच डोळा होता.

पाच पायऱ्या म्हणजे एक मीटर दहा. आक्काची फरशी आणि पाणी यांच्यात एक हातसुद्धा अंतर नाही.

आक्का दारात उभी होती. "आज सोमवार," एवढंच म्हणाली. मी सरळ ऑफिसात गेलो. पहारेकऱ्यानं काही विचारायच्या आत जिना चढलो.

बाई म्हणाल्या, "काका, बसा. घाम आलाय तुम्हाला."

"बाई, सात नंबर एक चाळीसवर आहे."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "नऊ पूर्णांक शून्य सहा दाखवतंय. टेप अडकली असेल कुठं."

"टेप अडकली नाही. मी अडकलोय." मग सगळं सांगितलं. बारा वर्षं. सहा अधिक चाळीस. "ते यंत्र बोलत नाही बाई. त्यातून मीच बोलतोय."

बाईंचा चेहरा बदलला. ओरडतील वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "त्या अर्जाचं उत्तर मी लिहिलं होतं. माझी सही आहे त्याच्यावर."

मग उठल्या, बूट घातले. "चला. माझ्यासमोर टेप टाका."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काल बाईंनी स्वतः माप घेतलं. एक एकोणचाळीस. आज माणसं आली, कुलूप कापलं, भिंती हलतायत का ते कळावं म्हणून त्यांना काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. दुपारपर्यंत तीन पट्ट्या तडकल्या.

सगळी गल्ली रिकामी करायला सांगितली आहे. सात घरं.

शिंपी माझ्यासमोरून लेकीला आधार देत घेऊन गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला कळलं आहे. सगळ्यांना कळलं आहे. सुनेलाही. तिनं जेवणाचं ताट मात्र नेहमीसारखं वाढलं. ते पाहून रडू आलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सहा घरं रिकामी झाली. आक्का हलत नाही.

बाईंनी समजावलं, माणसांनी समजावलं. खाटेवर मांडी घालून बसली आहे. "मी नाही यायची. हे येतात इथं." पायाखाली फरशीवर पाणी चमकतंय.

उद्या उचलून नेतील म्हणतात. शहात्तर वर्षांच्या बाईला पोत्यासारखी!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी मी एकटाच आत गेलो. चौघेजण बाहेर थांबले होते. खाटेशेजारी उकिडवा बसलो, चप्पल ओली झाली.

"आक्का, दाजी येत नाहीत. ते पाणी आहे. फरशीची ती जागा दाजींच्या पायांनी झिजून खोलगट झाली आहे, म्हणून आधी तिथं साचलं."

ती भिंतीकडे बघत राहिली.

"आणि आक्का, त्या दिवशी पाळी माझी होती. मला ताप नव्हता. काठ हलतोय हे मला ठाऊक होतं. मी घाबरलो म्हणून ते गेले."

बारा वर्षं हे वाक्य मी घशात धरून होतो. बाहेर आलं तेव्हा अगदी लहान होतं. एका श्वासाचं.

आक्का उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. गाठोडं बांधलं, दाजींचा चष्मा भिंतीवरून काढून कमरेला खोचला, आणि पाच पायऱ्या कोणाचा हात न धरता चढून गेली.

माझ्या घरी आली आहे. बोलत नाही. सुनेशी बोलते, माझ्याशी नाही.

शनिवार, १ मार्च

दुपारी चार वाजता आक्काच्या खोलीची मागची भिंत बसली. पडली नाही, बसली. दमलेला माणूस बसावा तशी. वरचे दोन मजले तिच्यावर आले. आत कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं. कोणी नव्हतं. हे मी कितीदा लिहू?

सोमवार, ३ मार्च

बाईंचा फोन आला. चौकशी बसली आहे. त्यांच्यावरही. मला लेखी जबाब द्यायचा आहे, जे जसं घडलं तसं. "काका, काही झाकू नका आणि काही चढवू नका." बाकी अकरा विहिरींवरही टेप टाकून यंत्रं पुन्हा लावणार आहेत. म्हणाल्या, दोन विहिरींवर टेप टाकून झाली, तुमची मापं खरी निघाली. म्हटलं, असतील. तिथं मी गेलो होतो.

मंगळवार, ४ मार्च

जबाबाच्या चार ओळी झाल्या. फाडल्या. पुन्हा चार ओळी.

आक्का खिडकीशी बसून असते. इथून काहीच दिसत नाही, समोरच्या घराची भिंत फक्त.

बुधवार, ५ मार्च

आज आक्का बोलली. मी टेबलाशी जबाब लिहीत होतो, मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्यात माझंही नाव घाल."

मला कळेना.

"दरवर्षी तुमचा साहेब तपासणीला यायचा. विहिरीजवळची म्हणून मलाच विचारायचा, माप घेणारा माणूस दर सोमवारी येतो का? मी दारात बसून तुझी वाट बघायचे, तू कधी आला नाहीस. तरी येतो म्हणायचे. त्याच्या कागदावर सही करायचे. बारा वेळा केली."